परदेशी शिक्षणाची पारख: पुराव्याचा भार कोणावर?

एका देशात शिकून दुसऱ्या देशातल्या महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याच्या कागदपत्रांची यादी स्थानिक विद्यार्थ्याच्या यादीपेक्षा नेहमीच लांब असते. गुणपत्रिका आणि उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र यांच्या जोडीला त्यांचे शपथबद्ध अनुवादकाने केलेले भाषांतर, मूळ संस्थेने मोहोरबंद पाकिटातून थेट पाठवलेली प्रत, अभ्यासक्रमाचा तपशील, गुणदानाच्या पद्धतीचा खुलासा, समकक्षतेचा अहवाल आणि भाषेच्या परीक्षेचा निकाल अशी भर पडत जाते. यातली एकेक मागणी सुटी पाहिली तर तिच्यामागे काही ना काही कारण सापडते. पण सगळ्या एकत्र मांडल्या की त्यांच्या मुळाशी असलेले गृहीतक उघडे पडते: आपले शिक्षण इथल्या शिक्षणासारखेच आहे हे विद्यार्थ्याने सिद्ध करावे, आणि ते सिद्ध होईपर्यंत त्याचे शिक्षण उणे धरले जावे. हे गृहीतक अन्याय्य आहे आणि शैक्षणिकदृष्ट्याही चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे. विद्यार्थ्याने आपली खरी कागदपत्रे आणि आवश्यक माहिती प्रामाणिकपणे पुरवावी. ती पुरवल्यानंतर त्याचे शिक्षण अपुरे आहे असे महाविद्यालयाला म्हणायचे असेल, तर ते कुठे आणि कसे अपुरे आहे हे दाखवून देण्याची जबाबदारी महाविद्यालयाने उचलावी.

हा विचार नवा नाही आणि तो केवळ सदिच्छेवर उभा नाही. युरोप परिषद आणि युनेस्को यांनी मिळून ११ एप्रिल १९९७ रोजी लिस्बनमध्ये उच्च शिक्षणविषयक अर्हतांच्या मान्यतेचा जो करार केला आणि जो १९९९ मध्ये अमलात आला, त्यात हेच तत्त्व स्पष्ट शब्दांत नमूद आहे. अर्जदार आवश्यक अटी पूर्ण करत नाही हे दाखवण्याची जबाबदारी मूल्यमापन करणाऱ्या संस्थेची आहे, असे हा करार सांगतो. एका सदस्य देशात ज्या शिक्षणाच्या आधारे उच्च शिक्षणात प्रवेश मिळतो, त्या शिक्षणाच्या आधारे दुसऱ्या सदस्य देशातही प्रवेश मिळावा, आणि दोन देशांतल्या प्रवेशाच्या सर्वसाधारण अटींमध्ये ठोस, महत्त्वाचा फरक दाखवता आला तरच तो नाकारावा, अशी त्याची मांडणी आहे. याच विषयावर युरोप परिषदेने १९५३ मध्येही एक करार केला होता. तेव्हा भर होता तो दोन देशांची शालान्त प्रमाणपत्रे एकमेकांच्या तोडीची मानण्यावर. चार दशकांच्या अनुभवानंतर लिस्बनने त्यापुढचे पाऊल टाकले. दोन देशांच्या शिक्षणात फरक असणारच, तो असणे स्वाभाविक आहे, आणि विद्यार्थ्याला पुढचे शिक्षण झेपण्याच्या आड जो येतो तेवढाच फरक विचारात घ्यायचा आहे, हे त्याने मान्य केले.

पुढे २५ नोव्हेंबर २०१९ रोजी युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने जगभरासाठी असाच एक करार स्वीकारला आणि वीस देशांच्या अनुमोदनानंतर तो ५ मार्च २०२३ पासून लागू झाला. आशिया-प्रशांत विभागासाठी २०११ मध्ये टोकियो येथे आणि आफ्रिकेसाठी २०१४ मध्ये अदिस अबाबा येथे झालेले करारही याच दिशेचे आहेत. म्हणजे तत्त्वाच्या पातळीवर जगाचा कल पुरेसा स्पष्ट आहे. अडचण आहे ती तत्त्व आणि प्रवेश कार्यालयातले टेबल यांच्यामधल्या अंतराची. करारावर सही करते ते सरकार, आणि अर्जावर निर्णय घेते ते स्वायत्त महाविद्यालय. त्या महाविद्यालयातल्या कर्मचाऱ्याला कराराची कलमे माहीत असतीलच असे नाही. त्याच्यासमोर असते ती वर्षानुवर्षे वापरात असलेली एक तपासणी यादी, आणि तीत न बसणारा अर्ज बाजूला ठेवणे हा त्याच्यासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग असतो. अमेरिकेने तर लिस्बन करारावर सही केली, पण त्याला अनुमोदन दिलेले नाही. तिथे परदेशी शिक्षणाला मान्यता देणारी मध्यवर्ती सरकारी यंत्रणाच नाही. प्रत्येक संस्था आपापला निर्णय घेते आणि पुष्कळदा तो खासगी मूल्यमापन संस्थांच्या अहवालावर सोपवते.

परदेशी कागदपत्रांच्या तपासणीत दोन वेगळे प्रश्न सतत एकमेकांत मिसळले जातात, आणि बहुतेक अन्याय या सरमिसळीतून जन्माला येतो, असे मला वाटते. पहिला प्रश्न कागद खरा आहे का, हा. दुसरा, त्या कागदामागचे शिक्षण पुढच्या अभ्यासाला पुरेसे आहे का, हा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागद देणाऱ्या संस्थेकडे असते, दुसऱ्याचे उत्तर प्रवेश देणाऱ्या विभागातल्या प्राध्यापकांकडे. पहिल्यासाठी लागते ती पडताळणी, दुसऱ्यासाठी लागतो तो शैक्षणिक विवेक. प्रत्यक्षात मात्र दुसऱ्या प्रश्नाची अनिश्चितता पहिल्या प्रश्नाच्या मागण्या वाढवून दूर करण्याचा प्रयत्न होतो. अभ्यासक्रमाविषयी खात्री वाटत नाही म्हणून आणखी एक शिक्का, आणखी एक साक्षांकन, आणखी एक मोहोरबंद पाकीट मागवले जाते.

अपॉस्टिलचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराने सार्वजनिक कागदपत्रांसाठी एक सोपी सोय केली. पूर्वी एका देशाचा दाखला दुसऱ्या देशात वापरायचा तर मंत्रालय, परराष्ट्र खाते, दूतावास अशी साक्षांकनाची साखळी पूर्ण करावी लागे. तिच्या जागी अपॉस्टिल नावाचे एकच प्रमाणपत्र आले. करोडो लोकांचा वेळ आणि पैसा या सोयीने वाचवला, आणि चीन २०२३ मध्ये तर कॅनडा २०२४ मध्ये तिच्यात सामील झाल्याने तिचा पल्ला आणखी वाढला. पण अपॉस्टिल प्रमाणित करते ते फक्त सहीचा खरेपणा, सही करणाऱ्याचा अधिकार आणि शिक्क्याची ओळख. कागदात काय लिहिले आहे, ते बरोबर आहे का, देणारी संस्था मान्यताप्राप्त आहे का, अभ्यासक्रम किती खोल होता, यांपैकी कशाविषयीही ते काही सांगत नाही. तरीही अपॉस्टिल असलेली गुणपत्रिका अधिक चांगली आणि नसलेली संशयास्पद, अशी समजूत अनेक प्रवेश कार्यालयांत आढळते. ज्या माहितीसाठी तो शिक्का मागवला जातो, ती माहिती त्या शिक्क्यात नसतेच.

खोट्या पदव्यांचा धोका खरा आहे, हे मी नाकारत नाही. अस्तित्वात नसलेल्या विद्यापीठांच्या नावाने पदव्या विकणाऱ्या टोळ्या जगात आहेत, गुणपत्रिकेतले आकडे बदलून देणारे दलालही आहेत, आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक विद्यार्थ्यांचेच सर्वाधिक नुकसान होते. पण या धोक्यावर उपाय आहे तो मूळ संस्थेकडून थेट पडताळणीचा, आणि तो दिवसेंदिवस सोपा होत चालला आहे. चीनमध्ये उच्च शिक्षणाच्या पदव्या आणि नोंदणी तपासण्यासाठी मध्यवर्ती ऑनलाइन व्यवस्था आहे. इतरही अनेक देशांनी गुणपत्रिकांची डिजिटल भांडारे उभारली आहेत. २०१२ च्या ग्रोनिंगन जाहीरनाम्यानंतर विद्यार्थ्यांची शैक्षणिक माहिती एका देशातून दुसऱ्या देशात सुरक्षितपणे कशी पोहोचवावी, यासाठी एक जाळेही उभे राहिले आहे. जिथे असा थेट दुवा उपलब्ध आहे तिथे विद्यार्थ्याकडून मोहोरबंद पाकीट मागणे म्हणजे एका अधिक खात्रीच्या साधनाऐवजी कमी खात्रीच्या साधनावर विसंबणे होय. पाकीट खोटे बनवता येते. संस्थेच्या स्वतःच्या नोंदीत फेरफार करणे कितीतरी अवघड असते. आणि मुख्य म्हणजे, कागद खरा ठरल्यावर फसवणुकीची भीती हे कारण संपले पाहिजे. त्यानंतरही ती भीती अभ्यासक्रमाच्या मूल्यमापनावर रेंगाळत राहिली, तर प्रामाणिक अर्जदाराला दुसऱ्या कोणाच्या तरी गुन्ह्याची शिक्षा भोगावी लागते.

कागदाच्या खरेपणाशी जोडलेली आणखी एक अडचण नावांची आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. शाळेच्या दाखल्यावर एका पद्धतीने, पारपत्रावर दुसऱ्या पद्धतीने आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले नाव जगातल्या असंख्य विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते. सिरिलिक किंवा अरबी लिपीतले एकच नाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे उतरते. काही समाजांत आडनाव नसते, काहींत वडिलांचे नाव मधे येते, काही स्त्रियांचे नाव विवाहानंतर बदललेले असते. अर्जाच्या संगणकीय नमुन्यात मात्र पहिले नाव आणि शेवटचे नाव अशा दोन चौकटी असतात आणि त्या दोन्ही भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. यामुळे अर्ज अडला तर त्याची चौकशी करण्याची जबाबदारी कार्यालयाने घ्यायला हवी. जन्मतारीख, छायाचित्र, परीक्षेचा आसनक्रमांक यांच्या आधारे ओळख पटवणे शक्य असताना केवळ वर्णलेखनातल्या फरकापायी न्यायालयीन प्रतिज्ञापत्र मागवणे हे अती आहे.

आता दुसऱ्या, अधिक महत्त्वाच्या प्रश्नाकडे येऊ. शिक्षण पुरेसे आहे का, हे ठरवताना प्रवेश कार्यालये दोन सोप्या आकड्यांचा आधार घेतात: शिक्षणाची वर्षे आणि मिळालेले गुण. दोन्ही आकडे मोजायला सोपे आहेत, आणि दोन्ही फसवे आहेत.

वर्षांचे घ्या. बारा वर्षांचे शालेय शिक्षण ही जगात बऱ्याच ठिकाणी प्रवेशाची किमान अट मानली जाते. फिलिपीन्समध्ये २०१३ च्या कायद्यापूर्वी शालेय शिक्षण दहा वर्षांचे होते, आणि तिथल्या विद्यार्थ्यांना परदेशात या दहा आकड्याची अडचण भोवत असे. शालेय शिक्षण बारा वर्षांचे करण्यामागच्या कारणांत हेही एक होते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात शाळा अकरा वर्षांत संपते आणि त्यानंतर विद्यापीठाआधी दोन वर्षांचे स्वतंत्र महाविद्यालय असते. पण वर्षांची मोजणी शिक्षणाची खोली सांगते, या समजुतीला सर्वांत स्पष्ट उत्तर जर्मनीच्या अनुभवातून मिळते. जर्मनीच्या बहुतेक पश्चिमेकडील राज्यांनी या शतकाच्या सुरुवातीच्या काळात आबिटुअर या शालान्त परीक्षेपर्यंतचे शिक्षण तेरा वर्षांवरून बारा वर्षांवर आणले. पुढे त्यातल्या बव्हेरिया, लोअर सॅक्सनी, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफेलिया अशा अनेक राज्यांनी ते पुन्हा तेरा वर्षांवर नेले. सॅक्सनी आणि थुरिंजिया या पूर्वेकडील राज्यांत ते मात्र बाराच वर्षांचे राहिले. या सगळ्या काळात देशातल्या कोणत्याही विद्यापीठाने बारा वर्षांच्या आबिटुअरला कमी आणि तेरा वर्षांच्या आबिटुअरला जास्त असा भाव दिला नाही. एकाच देशातल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक वर्ष इधर-उधर झाले तरी चालते, तर सीमेपलीकडून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तेच एक वर्ष निर्णायक का ठरावे? 

पदवीच्या पातळीवरही हाच प्रकार दिसतो. युरोपातल्या उच्च शिक्षणाची रचना एकसारखी करण्यासाठी १९९९ मध्ये सुरू झालेल्या बोलोन्या प्रक्रियेनंतर युरोपातल्या अनेक देशांत पदवी तीन वर्षांची झाली. अमेरिकेत ती चार वर्षांची असते. काही अमेरिकी विद्यापीठे युरोपातली तीन वर्षांची पदवी पदव्युत्तर प्रवेशासाठी पुरेशी धरतात आणि भारतातली तीन वर्षांची पदवी मात्र अपुरी ठरवतात. दोन्हींच्या अभ्यासक्रमांत खरोखर मोठा फरक असेल तर तो विषयवार दाखवून द्यावा. तीन हा आकडा एका ठिकाणी पुरेसा आणि दुसऱ्या ठिकाणी अपुरा असू शकत नाही.

गुणांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. ऑस्ट्रियात १ हा सर्वोत्तम गुण आणि ५ म्हणजे अनुत्तीर्ण. शेजारच्या हंगेरीत ५ हा सर्वोत्तम आणि १ म्हणजे अनुत्तीर्ण. ही दिशाभूल निदान चटकन लक्षात येते. लक्षात येत नाही ती सूत्रांनी केलेली दिशाभूल. परदेशी गुणांचे जर्मन श्रेणीत रूपांतर करण्यासाठी सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणून ओळखले जाणारे एक सूत्र जर्मनीत सर्रास वापरले जाते. जास्तीत जास्त मिळू शकणारा गुण, उत्तीर्ण होण्यापुरता किमान गुण आणि विद्यार्थ्याचा प्रत्यक्ष गुण असे तीन आकडे घेऊन ते विद्यार्थ्याला १ (सर्वोत्तम) ते ४ (जेमतेम उत्तीर्ण) या जर्मन पट्टीवर सरळ रेषेत बसवते. फ्रान्समध्ये गुण २० पैकी असतात आणि १० ला उत्तीर्ण. तिथे १५ गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला या सूत्राने २.५ अशी श्रेणी मिळते. इटलीच्या विद्यापीठांत परीक्षा ३० पैकी असते आणि १८ ला उत्तीर्ण; तिथे २४ गुण मिळवणाऱ्यालाही नेमकी २.५ हीच श्रेणी मिळते. गणित अचूक आहे. पण इटलीत ३० पैकी ३० मिळणे ही विरळ घटना नाही, त्यापुढे जाऊन सन्मानासह ३० देण्याचीही रीत आहे. फ्रान्समध्ये मात्र विद्यापीठात २० पैकी २० गुण मिळणे अपवादात्मक असते आणि १५ गुण हे चांगल्या विद्यार्थ्याचे लक्षण मानले जाते. सूत्राने ज्यांना एका पायरीवर बसवले, ते आपापल्या वर्गात फार वेगळ्या जागी उभे असतात.

यावर उपाय ज्ञात आहे आणि तो अवघडही नाही. युरोपीय श्रेयांक पद्धतीच्या मार्गदर्शिकेत गुणांच्या वितरणाचे तक्ते वापरण्याची शिफारस आहे. त्या संस्थेत, त्या अभ्यासक्रमात किती टक्के विद्यार्थ्यांना कोणता गुण मिळतो, हे तक्त्यावरून कळले की अर्जदार आपल्या सहाध्यायांच्या तुलनेत कुठे आहे ते ठरवता येते. जिथे जागा मोजक्या असतात आणि गुणानुक्रमे भरल्या जातात, तिथे या प्रश्नाला विशेष धार येते, कारण परदेशी गुण फुगवून मोजले गेले तर एखाद्या स्थानिक विद्यार्थ्याची जागा जाते. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याची दखल घेतलीच पाहिजे. पण तो सदोष सूत्र वापरण्याचे समर्थन करत नाही. उलट, ज्या गुणवत्ता यादीत दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर जागा ठरतात, त्या यादीत रूपांतरित परदेशी गुण घुसवणे दोन्ही बाजूंना अन्यायकारक आहे. अशा ठिकाणी परदेशातून आलेल्या अर्जदारांचा विचार वेगळ्या यादीत करावा, किंवा सर्वांना समान अशी प्रवेश परीक्षा ठेवावी.

मग महाविद्यालयाने नेमके तपासायचे काय? माझ्या मते, ज्या अभ्यासक्रमासाठी अर्ज आहे, तो सुरू करायला जे यायलाच हवे तेवढेच. अभियांत्रिकीला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या शालेय गणितात कलनशास्त्र नसेल तर ती उणीव खरी आहे. पहिल्याच सत्रात ती त्याला भोवेल. इतिहासासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र त्याच कारणासाठी अडवण्यात काही अर्थ नाही. त्याने मोठे मजकूर वाचून त्यावर युक्तिवाद लिहिण्याचा सराव केला आहे का, हे पाहायला हवे. त्याच्या देशात इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात वेगळी राजघराणी आणि वेगळी युद्धे होती, हा फरक अभ्यासाच्या आड येणारा नाही. युरोपातल्या मान्यता केंद्रांसाठी तयार झालेल्या मार्गदर्शिकांत शिक्षणाची पातळी, अभ्यासाचा भार, दर्जा, अभ्यासक्रमाचा रोख आणि विद्यार्थ्याने प्रत्यक्ष संपादन केलेली क्षमता अशा पाच अंगांनी विचार करायला सांगितले आहे, आणि त्यांत अखेरच्या अंगाला सर्वाधिक वजन देण्याकडे कल आहे. तो योग्यच आहे, कारण विद्यार्थी वर्गात येतो तेव्हा सोबत क्षमता आणतो. शाळेतली वर्षे मागे राहिलेली असतात.

उणीव खरोखर आढळली, तर पूर्ण नकार हा शेवटचा पर्याय असावा. जर्मनीत ज्यांचे शालेय प्रमाणपत्र थेट प्रवेशाला पुरत नाही, त्यांच्यासाठी श्टुडिएनकोलेग नावाचा, साधारणपणे दोन सत्रांचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम असतो आणि त्याच्या शेवटी परीक्षा होते. ब्रिटनमध्ये पायाभूत वर्षाचा अभ्यासक्रम असतो. ही कल्पना चांगली आहे. मात्र पूर्वतयारीचे वर्ष उणिवेच्या प्रमाणात असावे. एका विषयात कमी पडणाऱ्या विद्यार्थ्याला एका विषयाचा पूरक अभ्यास पुरे आहे. त्याच्या आयुष्यातले एक पूर्ण वर्ष आणि एक पूर्ण वर्षाचे शुल्क घेणे अनाठायी आहे. जिथे ही वर्षे संस्थेच्या उत्पन्नाचे साधन बनतात, तिथे अधिकाधिक विद्यार्थ्यांना तिकडे वळवण्याचा मोह होणार, हे सांगायला नको. म्हणून कोणाला कोणत्या कारणाने पूर्वतयारीला पाठवले, याची नोंद बाहेरच्या यंत्रणेने तपासायला हवी.

एवढे सगळे काम छोट्या महाविद्यालयाने कसे करावे, असा प्रश्न विचारला जातो. त्यांच्याकडे दोनशे देशांच्या शिक्षणपद्धतींचे तज्ज्ञ कुठून येणार? प्रश्न योग्य आहे, पण त्याचे उत्तर विद्यार्थ्याच्या डोक्यावर ओझे टाकणे हे नाही. युरोपात १९८४ पासून नारिक आणि १९९४ पासून एनिक या नावाने राष्ट्रीय माहिती केंद्रांची जाळी काम करतात आणि एकमेकांना माहिती पुरवतात. जर्मनीतला अनाबिन हा माहितीसंग्रह तर सर्वांसाठी खुला आहे; कोणत्या देशातली कोणती संस्था मान्य धरली जाते, कोणते प्रमाणपत्र कुठपर्यंत चालते, हे अर्ज करण्याआधीच विद्यार्थी स्वतः पाहू शकतो. निर्णयाचे निकष आधीच जाहीर असणे हीच अर्धी न्याय्यता आहे. याउलट, जिथे प्रत्येक महाविद्यालय वेगळ्या खासगी संस्थेचा अहवाल मागते, तिथे एकाच गुणपत्रिकेचे तीन मूल्यमापन अहवाल तीन वेळा शुल्क भरून काढावे लागतात आणि त्यांचे निष्कर्ष जुळतीलच याची हमी नसते. हा खर्च श्रीमंत घरातल्या विद्यार्थ्याला जाणवत नाही. ज्याला शिष्यवृत्तीशिवाय शिकणे शक्य नाही, तो मात्र तीनऐवजी एकाच महाविद्यालयाला अर्ज करतो. त्याची निवड होण्याची शक्यता तिथेच घटते, आणि हे नुकसान कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही, कारण न केलेल्या अर्जांची नोंद कोणीच ठेवत नाही.

वैद्यक किंवा कायदा यांसारख्या क्षेत्रांचा दाखला देऊन कडक तपासणीचे समर्थन केले जाते. रुग्णाच्या जिवाशी खेळ होता कामा नये, यात दुमत नाही. पण शिकण्यासाठी दिलेला प्रवेश हा व्यवसाय करण्याचा परवाना नसतो. परवान्याच्या वेळी परीक्षा, प्रशिक्षण, नोंदणी या सगळ्या चाळण्या असतातच, आणि त्या कडक असायलाच हव्यात. प्रवेशाच्या उंबरठ्यावरच परवान्याचे निकष लावले तर जे शिकायला आले आहेत त्यांच्याकडून शिकून झाल्यासारखी अपेक्षा केली जाते.

ज्यांच्याकडे कागदच नाहीत, त्यांचा प्रश्न या सगळ्या चर्चेची खरी कसोटी आहे. युद्धात विद्यापीठाची इमारत जळते, नोंदी नष्ट होतात, किंवा ज्या सरकारपासून जीव वाचवून माणूस पळाला त्याच सरकारकडे गुणपत्रिकेची प्रत मागणे त्याच्या मागे राहिलेल्या कुटुंबाला धोक्यात घालणारे ठरते. लिस्बन कराराच्या सातव्या भागात याचा विचार आहे: निर्वासित आणि विस्थापित यांच्याकडे कागदोपत्री पुरावा नसला तरी त्यांच्या अर्हतेचे न्याय्य आणि जलद मूल्यमापन करण्याची पद्धत सदस्य देशांनी तयार करावी. हे कलम बराच काळ कागदावरच राहिले. नॉर्वेतल्या मान्यता यंत्रणेने मुलाखतीवर आधारलेली एक पद्धत विकसित केली आणि २०१७ मध्ये युरोप परिषदेने ग्रीसपासून सुरुवात करून निर्वासितांसाठी युरोपीय अर्हता पारपत्र देण्याचा उपक्रम हाती घेतला. उपलब्ध असतील तेवढे कागद पाहायचे, त्या देशाच्या शिक्षणपद्धतीची माहिती असलेल्या मूल्यमापकांनी अर्जदाराशी सविस्तर बोलायचे, काय शिकलात, कोणती पुस्तके होती, परीक्षा कशी व्हायची, प्रकल्प काय केला हे विचारायचे, आणि निष्कर्ष पाच वर्षे ग्राह्य असलेल्या दस्तऐवजात नोंदवायचा, अशी ही रीत आहे. ते पारपत्र औपचारिक मान्यतेची जागा घेत नाही, पण प्रवेश समितीला विश्वासार्ह आधार देते.

या उपक्रमातून जे सिद्ध झाले ते माझ्या दृष्टीने निर्वासितांपुरते मर्यादित नाही. कागद पूर्णपणे हरवलेल्या माणसाचे शिक्षण जर जाणत्या मूल्यमापकांना संभाषणातून जोखता येते, तर ज्याच्याकडे नऊ कागद आहेत आणि दहावा नाही, त्याचा अर्ज अपूर्ण म्हणून बंद करण्याचे समर्थन कसे करणार? मूळ महाविद्यालय बंद पडलेले असेल, सोव्हिएत संघासारखा पदवी देणारा देशच नकाशावर उरलेला नसेल, किंवा कोणी कारकून पत्राला उत्तरच देत नसेल, तर विद्यार्थ्याने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे? जे त्याच्या हातात नाही त्यासाठी त्याला जबाबदार धरता येत नाही. अशा वेळी मुलाखत, छोटी लेखी परीक्षा किंवा सशर्त प्रवेश हे मार्ग खुले असले पाहिजेत आणि ते प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापलेले असले पाहिजेत, म्हणजे कोणाच्या मर्जीवर ते अवलंबून राहणार नाहीत.

वेळेचाही विचार येथे करायला हवा. लिस्बन करारानुसार निर्णय आधी ठरवून जाहीर केलेल्या वाजवी मुदतीत व्हायला हवा, आणि कराराच्या पूरक शिफारशींत ही मुदत चार महिन्यांहून अधिक नसावी असे म्हटले आहे. महाविद्यालयाची अर्जाची अखेरची तारीख, मूल्यमापनाला लागणारे आठवडे, शिष्यवृत्तीची तारीख आणि व्हिसाची तारीख या चारही गोष्टी वेगवेगळ्या कार्यालयांच्या हातात असल्याने एकीच्या उशिराने बाकीच्या तिन्ही कोसळतात. म्हणून मूल्यमापन चालू असताना अर्ज थांबवून न ठेवता त्यावर सशर्त निर्णय देणे, हा नियम व्हायला हवा.

नकार द्यायचाच असेल तर तो सकारण असावा. अर्ज निकषांत बसत नाही, या एका वाक्याने कोणाचीही बोळवण होऊ नये. कोणत्या विषयात, कोणत्या पातळीवर, कोणता फरक आढळला, तो या अभ्यासक्रमात का अडचणीचा ठरेल, तो भरून काढायला विद्यार्थ्याने काय करावे आणि निर्णयाविरुद्ध दाद कुठे मागावी, एवढे त्या पत्रात असायलाच हवे. लिस्बन करारातही कारणे सांगण्याचे, पुढे मान्यता कशी मिळवता येईल ते कळवण्याचे आणि अपिलाचे बंधन आहे. असे पत्र लिहायला बसणाऱ्या अधिकाऱ्याला फरक नेमका मांडावा लागतो, आणि मांडता आला नाही तर नकाराचे कारणच उरत नाही. पुराव्याचा भार संस्थेवर टाकणे म्हणजे व्यवहारात एवढेच.

आणि शेवटी, महाविद्यालयांनी आपल्याच दप्तरात पाहावे. परदेशी शिक्षणाच्या आधारे प्रवेश घेतलेले विद्यार्थी पहिल्या वर्षी कसे चालले, कोणत्या विषयात अडखळले, कोणत्या देशाच्या गुणांचे रूपांतर प्रत्यक्ष कामगिरीशी जुळले आणि कोणाचे जुळले नाही, ही सगळी माहिती त्यांच्याकडे दरवर्षी जमा होते आणि बहुतेक ठिकाणी ती कोणी उघडून बघत नाही. ती दर तीन-चार वर्षांनी तपासावी, नावे वगळून प्रसिद्ध करावी आणि तिच्या आधारे आपले निकष बदलावेत. एखाद्या देशाचे प्रमाणपत्र अपुरे आहे असे म्हणणाऱ्या संस्थेकडे या माहितीचा आधार नसेल, तर तिने त्या देशातल्या पुढच्या अर्जदाराला नाकारू नये.